पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचा कार्यभार प्रथमच घेताना: नव्या प्रभारी मुख्याध्यापकांसाठी मार्गदर्शक

पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट (विद्यार्थीसंख्या) १५० पेक्षा अधिक असेल तरच तेथे पूर्णवेळ मुख्याध्यापक असावा, असा निकष बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या कितीतरी शाळांचा पट त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. अशा शाळेत सेवेने ज्येष्ठ असलेल्या शिक्षकाकडे स्वतःचा वर्ग सांभाळून प्रभारी मुख्याध्यापकपद येते. शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत ते माझ्याकडे असेच आले. आदेश हातात पडला तेव्हा मला मुले शिकवता येत होती. मात्र कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) लिहिता येत नव्हती आणि जनरल रजिस्टरातल्या, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या कायम नोंदवहीतल्या, एका नोंदीवर एखाद्या घराचे किती अवलंबून असते, याचीही कल्पना नव्हती. पहिल्या दोन वर्षांत मी ज्या क्रमाने चुका केल्या, जवळजवळ त्याच क्रमाने पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत.

हे मार्गदर्शन जिल्हा परिषदेच्या शाळांपुरते आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्हा परिषदेकडे शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या पाच तालुक्यांचा ग्रामीण भाग राहिला. महापालिकांच्या शाळांची प्रशासकीय साखळी निराळी असल्यामुळे तेथे रुजू होणाऱ्यांनी यातला प्रशासनाचा भाग आपल्या शिक्षण विभागाकडून तपासून घ्यावा.

१. रुजू होण्यापूर्वी

सर्वप्रथम केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, भेटा. गटशिक्षणाधिकारी पंचायत समितीत आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक) ठाण्यात बसतात, परंतु तुमच्या रोजच्या अडचणी केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी यांच्यापर्यंतच पोहोचतात आणि बहुतेक तेथेच सुटतात. त्यांच्याकडे तीन गोष्टी विचारा: शाळेचे कोणते प्रस्ताव प्रलंबित आहेत, लेखापरीक्षणाचे कोणते आक्षेप निकाली निघालेले नाहीत आणि शाळा व्यवस्थापन समितीची मुदत केव्हा संपते. त्यानंतर केंद्रातल्या एखाद्या अनुभवी मुख्याध्यापकाच्या शाळेत अर्धा दिवस बसून त्यांचे दप्तर पाहा. प्रशिक्षणाच्या चार दिवसांत जे कळत नाही ते अशा अर्ध्या दिवसात कळते, असा माझा अनुभव आहे.

२. कार्यभार घेताना मोजल्याशिवाय सही करू नका

कार्यभाराच्या दिवशी घाई असते. आधीच्या शिक्षकांना बदलीच्या ठिकाणी हजर व्हायचे असते, तुमच्या वर्गात मुले बसलेली असतात आणि पाच-सहा पानांची यादी समोर येते. मी त्या यादीखाली ‘बरोबर आहे’ असे लिहून सही केली. पुढे लेखापरीक्षणात जडवस्तू संग्रह नोंदवहीतील (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतील) दोन वस्तू शाळेत नसल्याचे आढळले, आणि त्या माझ्या काळात हरवल्या नाहीत हे सिद्ध करण्याचा कोणताच कागद माझ्याकडे नव्हता. पुढचे कित्येक महिने त्या पत्रव्यवहारात गेले. म्हणून दोन दिवस लागले तरी चालतील, पण प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहून यादी करा. जे सापडत नाही त्यासमोर ‘प्रत्यक्ष आढळले नाही’ असे स्पष्ट लिहा आणि दोघांच्या सह्यांची प्रत केंद्रप्रमुखांकडे द्या. असे लिहिण्यात आधीच्या शिक्षकांचा अपमान नाही, हे त्यांनाही आदराने सांगता येते.

ताब्यात घ्यायचे दप्तर आणि साहित्य:

- जनरल रजिस्टरचे सर्व खंड, सर्वांत जुन्यापासून
- शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तके, कोऱ्या दाखल्यांच्या अनुक्रमांकांसह
- विद्यार्थी व शिक्षक हजेरीपत्रके, किरकोळ रजा नोंदवही, हालचाल नोंदवही
- कीर्द, पावत्यांची फाइल, सर्व बँक खात्यांची पासबुके आणि धनादेश पुस्तके
- जडवस्तू संग्रह नोंदवही आणि साठा नोंदवही
- पोषण आहाराची धान्य व मालसाठा नोंदवही, चव नोंदवही
- शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, सूचनावही, शेरेबुक (भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही), आवक-जावक नोंदवही
- यू-डायस (शाळेची माहिती), सरल (विद्यार्थ्यांची माहिती), शालार्थ (शिक्षकांचे वेतन) आणि पोषण आहार या ऑनलाइन प्रणालींची वापरकर्ता नावे व संकेतशब्द
- जागेचा सातबारा किंवा बक्षीसपत्र, वीजमीटरचा ग्राहक क्रमांक

पासबुक त्याच दिवशी बँकेतून छापून आणा आणि कीर्दीतली शिल्लक त्याच्याशी ताडून पाहा. दिलेला पण न वटलेला धनादेश असेल तर त्याची नोंद कार्यभार यादीत यायलाच हवी. तांदूळ पोत्यांवर मोजू नका, वजन करा. फोडलेले पोते ५० किलोचे राहत नाही. समितीच्या अध्यक्षांनी आगाऊ सह्या करून ठेवलेले कोरे धनादेश सापडले तर ते त्यांच्यासमोर रद्द करा. सोय म्हणून ही पद्धत काही ठिकाणी चालते. ती तुम्ही चालू ठेवू नका.

संकेतशब्द मिळाले म्हणजे प्रणाली ताब्यात आली असे होत नाही. ओटीपी आधीच्या शिक्षकांच्या मोबाइलवर जात असतो. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलून घेण्याचे काम ते शाळेत हजर असतानाच करा, नाहीतर प्रत्येक माहिती भरताना त्यांना फोन करत बसावे लागते आणि ते वर्गात असले की तुमचे काम अडते.

३. जनरल रजिस्टर समजून घ्या

पहिल्या आठवड्यात एक संध्याकाळ काढून सर्वांत जुना खंड पान-पान उलटून पाहा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे जातपडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मोलाचा मानला जातो. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा धरल्या जातात. ज्या घरात जमिनीचा कागद नाही, तेथे आजोबा दोन वर्षे शाळेत आले होते ही आपल्या रजिस्टरातली एक ओळच नातवाच्या शिक्षणाला आणि नोकरीला आधार देते. माझ्या शाळेतल्या जुन्या खंडाची पाने कडेने वाळवीने खाल्लेली होती. तो मी प्रथम प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून जतन केला, मग कापडी बांधणी करून घेतली आणि लोखंडी कपाटात सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवला. ही तीन कामे पुढे ढकलू नका. एका पावसाळ्यात गळक्या छपराखाली असा खंड कायमचा जाऊ शकतो.

पालक नाव, जात किंवा जन्मतारीख ‘थोडी दुरुस्त’ करून मागतात, तेव्हा ते बहुधा खऱ्या अडचणीत असतात. तरीही रजिस्टरात स्वतःच्या अधिकारात खाडाखोड करू नका. अर्ज व पुरावे घ्या, प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवा आणि मान्यतेचा आदेश आल्यावरच त्याचा क्रमांक व दिनांक नोंदवून दुरुस्ती करा. पांढरी शाई लावलेली एक नोंद त्या पानावरच्या इतर सर्व नोंदींविषयी संशय निर्माण करते आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुटुंबाला मोजावी लागते. पालकाला नकार देऊन परत पाठवू नका, प्रस्तावाचा अर्ज त्यांच्यासोबत बसून तुम्हीच लिहून द्या. बहुतेकांना अडचण लिहिण्याचीच असते.

४. आधार, ऑनलाइन नोंदी आणि ३० सप्टेंबरचा पट

संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरते. त्यामुळे जूनमध्ये दाखल केलेले प्रत्येक मूल सप्टेंबर संपण्यापूर्वी ऑनलाइन नोंदीत दिसले पाहिजे आणि त्याचे आधार जुळलेले असले पाहिजे. कातकरी वाड्यांवर आधारकार्डावरचे नाव आणि घरात चालणारे नाव यांत फरक असणे नेहमीचेच आहे. येथे सापळा असा की, काम लवकर व्हावे म्हणून आधारवर जसे चुकून छापले तसेच नाव रजिस्टरात घेण्याचा मोह होतो. जन्माचा दाखला आणि पालकांचे म्हणणे ताडून रजिस्टरातले नाव बरोबर ठरत असेल, तर दुरुस्ती आधारमध्ये व्हायला हवी. जुलैमध्ये अशा मुलांची यादी करून पालकांना एकाच दिवशी शहापूरच्या किंवा जवळच्या आधार केंद्रावर न्या. मजुरी बुडवून एकेकट्याने दोनदा जाणे त्यांना परवडत नाही.

आधार किंवा जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश मात्र कधीही थांबवू नका. वयाचा पुरावा नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते.

५. शाळेचा दिवस आधी शिकवण्याने भरा

‘आज तीनपर्यंत माहिती पाठवा’ असे संदेश रोज येतील. त्यांच्या मागे धावलात तर महिन्याभरात तुमचा वर्ग मोडेल, आणि दोनशिक्षकी शाळेत तुमचा वर्ग म्हणजे निम्मी शाळा असते. मी दोन नियम केले. परिपाठ संपल्यापासून पहिले ९० मिनिटे मोबाइल कपाटात राहील, ही गोष्ट केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवली. त्यांनी ती मान्यही केली. दुसरे असे की, वर्गनिहाय, मुले-मुली आणि प्रवर्गनिहाय पट, खोल्या, शौचालये, पाणी, वीज, शिक्षकांच्या जन्म व नियुक्तीच्या तारखा ही सारी माहिती एका वहीत आणि एका फाइलमध्ये तयार ठेवली. दहापैकी आठ वेळा नवी माहिती म्हणून जे मागितले जाते ते याच वहीत असते. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर असाल तर ऑनलाइन नोंदी शनिवारी शाळा सुटल्यावर खर्डी, आसनगाव अशा रेंज असलेल्या ठिकाणी बसून एकदम करा.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, वाक्य आणि उतारा यांपैकी कोठपर्यंत वाचता येते ते पाहा आणि तारखेसह लिहून ठेवा. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानाच्या चाचण्या वेगळ्या होतीलच. ही नोंद तुमच्या स्वतःच्या कामासाठी आहे. पहिलीतले मूल घरी कातकरी किंवा ठाकरी बोलत असेल तर ते गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला आपण ‘कच्चे आहे’ असे नाव देतो. मी पहिले दोन महिने मुलांचेच शब्द फळ्यावर लिहिले, वाडीतल्या एका आजींना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलावले आणि त्या गोष्टीतले शब्द वाचनपाठात घेतले. तिसरीपर्यंतच्या मुलांच्या वाचनात त्याचा उपयोग झाला, हे मी खात्रीने सांगू शकते.

सहकारी शिक्षकाशी वागताना लक्षात असू द्या की, प्रभारी पदामुळे तुम्ही त्यांचे साहेब झालेला नाहीत. कामांची वाटणी दोघांनी मिळून लिहून काढावी आणि दोघांनी सही करावी.

६. पोषण आहार

पहिली ते पाचवीसाठी प्रतिविद्यार्थी रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण आहे. ६२ मुले हजर असतील तर ६ किलो २०० ग्रॅम तांदूळ शिजला पाहिजे, म्हणजे ५० किलोचे पोते आठ दिवस पुरते. हा हिशोब भिंतीवर लावला की स्वयंपाकी ताईंना रोज विचारावे लागत नाही आणि तुमचा साठाही जुळतो. हजेरीपत्रक, अॅपवरची संख्या आणि धान्याची नोंद या तीन आकड्यांत फरक पडणे ही तपासणीत सर्वाधिक सापडणारी चूक आहे. संध्याकाळी आठवून लिहू नका. जेवण वाढल्यावर लगेच लिहा. मुलांना वाढण्यापूर्वी चव स्वतः घ्या किंवा पालकाला घ्यायला सांगा.

७. शाळा व्यवस्थापन समिती आणि पैशांचे व्यवहार

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. कागदावर ही रचना सगळीकडे असते. सभा प्रत्यक्षात भरते की नाही, हे ती किती वाजता ठेवली यावर ठरते. दुपारी दोनची सभा ठेवली तर शेतावर आणि मजुरीवर गेलेली माणसे येणार नाहीत आणि तुम्हाला इतिवृत्त घेऊन घरोघरी सह्यांसाठी फिरावे लागेल. सभा संध्याकाळी, शक्यतो पाड्यावरच्या एखाद्या ओट्यावर घ्या. माझ्या शाळेत जागा बदलल्यावर स्त्रिया बोलू लागल्या, आणि शौचालयाच्या दाराला आतून कडी नाही म्हणून दोन मुली दुपारनंतर घरी जातात ही गोष्ट मला त्या ओट्यावर प्रथम कळली. इतिवृत्त सभेतच लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच सह्या किंवा अंगठे घ्या.

समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेचे एकत्रित शाळा अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,००० हे निकष आहेत. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. ३१ मार्चपर्यंत न वापरलेली खर्चाची मंजूर मर्यादा परत जाते आणि मार्चमध्ये पैसे देण्याची ऑनलाइन प्रणाली मंदावते, म्हणून ठराव व खरेदी डिसेंबरअखेर उरकून घ्या. एवढ्या रकमेत छप्पर होत नाही. त्यासाठी ग्रामसभेत जा. तुमचे गाव पेसा (आदिवासी भागातील पंचायतींचा कायदा) क्षेत्रात असेल तर आदिवासी उपयोजनेतून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या ५ टक्के अबंध निधीतून आणि वित्त आयोगाच्या निधीतून शाळेचे पाणी, शौचालय, दुरुस्ती यांसाठी मागणी करता येते. मात्र ती आराखडा तयार होण्यापूर्वी, समितीच्या ठरावासह आणि छायाचित्रांसह द्यावी लागते. धोकादायक खोलीत मुले बसवू नका. तिच्या निर्लेखनाचा (वापरातून काढून टाकण्याचा) प्रस्ताव पाठवा आणि तोवर व्हरांड्यात वर्ग भरवा.

८. मुलांची सुरक्षितता

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतच दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची बदलापूरची घटना आपल्याच जिल्ह्यात घडली. त्यानंतर तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांबाबत जे निर्देश आले, ते फाइलला लावून थांबू नका. तक्रारपेटी लहान मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर लावा आणि दर आठवड्याला समितीतल्या एका महिला सदस्यासमोर उघडा. १०९८ हा बालकांच्या मदतवाहिनीचा क्रमांक वर्गात मोठ्या अक्षरांत लिहा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा रास्त शंका आल्यास पोलिसांना कळवणे पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. आधी गावात मिटवून पाहू, असे कोणी सुचवले तरी तो पर्याय तुमच्याकडे नाही. तसेच छडी शाळेत ठेवूच नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई केली आहे.

९. दिवाळीनंतरचे स्थलांतर: वर्षातले सर्वांत मोठे काम

शहापूर-मुरबाडमध्ये मुख्याध्यापकाची खरी कसोटी नोव्हेंबरात लागते. भातकापणी संपली की कातकरी आणि इतर मजूर कुटुंबे भिवंडी, कल्याण, पनवेल या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळा उघडली तेव्हा चौथीच्या वर्गात नऊ मुले कमी होती. कोण कोठे गेले हे सांगणारेही वाडीवर कोणी उरले नव्हते. त्यांतली दोन मुले त्या वर्षी परत आलीच नाहीत. तयारी नोव्हेंबरात सुरू करून उपयोग नसतो, हे मला तेव्हा कळले.

भट्टीवर जाण्याचा निर्णय पावसाळ्यात उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली जाते तेव्हाच झालेला असतो. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाडीवर फिरा आणि उचल कोणी घेतली, भट्टी कोणत्या गावाजवळ आहे, सोबत कोण जाणार आणि घरी कोण राहणार, हे विचारून नोंद करा. एका कुटुंबाकडे तरी चालू मोबाइल क्रमांक असतोच. तो घ्या, आणि मुकादमाचाही घ्या. चौकशी करताना उपदेश करू नका. उचल घेतलेल्या माणसाला जावेच लागते, आणि ‘मुलांचे नुकसान करता’ असे ऐकल्यावर तो पुढच्या वेळी तुम्हाला काहीच सांगणार नाही.

मूल येथेच राहू शकेल का, हे त्यानंतर पाहा. आजी-आजोबा असतील आणि रात्रीच्या जेवणाचा प्रश्न सुटत असेल तर कित्येक पालक मूल ठेवायला तयार होतात. आमच्या समितीने गावातल्या दोन घरांशी बोलून अशी सोय केली होती. हंगामी वसतिगृहाच्या (पालक बाहेर असताना मुलांच्या राहण्या-जेवणाच्या सोयीच्या) प्रस्तावासाठी पटाची यादी सप्टेंबरातच केंद्रप्रमुखांकडे द्या. जवळच्या आश्रमशाळेचा पर्याय मोठ्या मुलांसाठी चांगला आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला मध्येच तेथे पाठवण्याच्या मी विरुद्ध आहे.

जे मूल जाणारच आहे त्याच्या हाती शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे म्हणून दिला जाणारा कागद, द्या. त्यावर इयत्ता, विद्यार्थी क्रमांक आणि ते कोठपर्यंत वाचते-लिहिते हे भरा, एक प्रत शाळेत ठेवा आणि दुसरी आईकडे द्या, कारण भट्टीवरच्या झोपडीत कागद जपून ठेवण्याचे काम तीच करते. पाठ्यपुस्तके मुलाबरोबर जाऊ द्या. त्याच दिवशी भट्टीजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून नावे सांगा. पत्र पोहोचायला वेळ लागतो. फोन केलेल्या शाळांनी माझी मुले दुसऱ्या दिवशी बसवून घेतली आहेत. नाव पटावरून कमी करू नका, पण खोटी हजेरीही लावू नका. शेऱ्यात ‘स्थलांतरित’ आणि ठिकाण लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करून मूल तेथे खरोखर जाते का, ते विचारा.

तुमची शाळा भिवंडी किंवा कल्याण तालुक्यात, भट्ट्यांच्या बाजूला असेल तर हेच काम उलट्या बाजूने करायचे आहे. मूल दारात आले की आधी बसवून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे मूल वयानुरूप वर्गात बसते. मूळ शाळेला ‘आमच्याकडे पोहोचले’ एवढे कळवा. त्या शिक्षकाचा जीव भांड्यात पडतो.

१०. परतणारी मुले, वर्षअखेर आणि पुढचा कार्यभार

एप्रिल-मेमध्ये कुटुंबे परत येऊ लागतात. शाळेला सुट्टी लागलेली असली तरी एकदा वाडीवर जाऊन सप्टेंबरातली यादी आणि परत आलेली मुले यांचा मेळ घाला. जे घर परतले नाही त्याच्या शेजाऱ्यांकडून ठिकाण घ्या आणि ते केंद्रप्रमुखांना लेखी कळवा. १५ जूनला ही मुले आली की त्यांची जूनमधली जुनी वाचननोंद काढून तेथूनच पुढे सुरुवात करा, कारण मधल्या सहा महिन्यांचा अभ्यास एकदम भरून काढण्याच्या प्रयत्नात मूल पुन्हा गप्प बसते.

बदलीचा आदेश केव्हाही येऊ शकतो, म्हणून कार्यभाराची यादी दर वर्षी मे महिन्यात अद्ययावत ठेवा. तिला शासकीय नमुन्यात नसलेले एक पान जोडा: कोणती कुटुंबे कोणत्या भट्टीवर जातात, त्यांचे फोन क्रमांक, तेथील शाळेचे नाव, आणि कोणत्या मुलासाठी गावात कोणाच्या घरी सोय होते. मी ते पान माझ्यानंतर आलेल्या शिक्षकांच्या हाती दिले आणि यादीवर त्याचीही पोच घेतली.